पवळीच्या घरची हाळी

खैरखाप्याला यंदा शंभर वर्षं झाली, असं नत्थूभाऊनं ठरवलं. कशावरून ठरवलं हे कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्यालाच समितीत घेऊन वर्गणीला जुंपायचं ही त्याची खोड गावाला ठाऊक आहे.

खैरखापा माझं माहेर. सौसरहून बोरगावकडे जाताना आत वळलं की लागतं. मी पांढुर्ण्याला शाळेत मास्तरीण आहे. नत्थूभाऊ आणि मी लहानपणी एका वर्गात होतो. तेव्हा तो माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा. आता तो संत्र्याचा मोठा बागवान झालाय आणि गावात काहीही निघालं की अध्यक्ष तोच असतो. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत तो पांढुर्ण्याला माझ्या घरी आला. माघात सोहळा करायचा, गावजेवण द्यायचं, लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींना बोलावून त्यांची ओटी भरायची आणि एक स्मरणिका काढायची, असा त्याचा बेत होता. स्मरणिकेत माझ्या वाट्याला एक पान होतं, 'गावच्या लेकी' या विषयावर.

"अन् गावाचा इतिहास?" मी विचारलं.

"तो झाला ना लिहून." त्यानं खिशातून कागद काढला.

'आपले पूर्वज आर्वीकडून गाई घेऊन आले व त्यांनी या जंगलात मंगल केले.' संपला इतिहास. पुढची सगळी पानं खतवाल्यांच्या आणि संत्र्याच्या आडत्यांच्या जाहिरातींची.

"शंभर वर्षांत येवढंच झालं काय नत्थूभाऊ?"

"मंग अजून काय झालं?" तो खरोखरच विचारात पडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर राग त्याच्यावर कमी आणि आम्हा सगळ्यांवर जास्त होता. मला तरी चार ओळींच्या वर काय सांगता आलं असतं? जे आले ते मेले, ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं तेही मेले. त्या लोकांच्या हातात कासरा होता, बोरू नव्हता. कोणी काही लिहून ठेवलं नाही.

उरली होती ती एकच गोष्ट. आखरावरची हाळी.

आखर म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला ढोरं जमायची ती मोकळी जागा. आमच्याकडे आधी आखर झालं आणि मग गाव झालं. आर्वीकडची कुरणं कपाशीखाली गेली, तेव्हा दहा-बारा घरं आपल्या पांढऱ्या गवळाऊ गाई हाकत नदीच्या काठाकाठानं वर आली. इथं कमरेएवढं गवत होतं, पाणी होतं, आणि वाघही होता. म्हणून त्यांनी पहिल्यांदा बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि गाई आत घेतल्या. माणसं दोन पावसाळे बैलबंड्यांखाली झोपली.

पुढे घरं उठली, गोठे झाले. ढोरकी दिवसभर ढोरं चारून सांजेला आखरात आणायचा आणि तिथून गाई आपापल्या घरी जायच्या. एका सांजेला एक गाय घरी गेली तर दार बंद. घरची माणसं वावरात अडकलेली. उंबऱ्यावरच वाघानं तिला धरली. तेव्हापासून रीत पडली की ढोरक्यानं आखरात उभं राहून एकेका घराला हाळी द्यायची. घराला नाव माणसाचं नसायचं. आर्वीहून त्या घरची जी गाय पुढे चालत आली, तिचं नाव घराला. "मोरीवाले, होऽऽ!" अशी हाळी आली की त्या घरच्या माणसानं ओट्यावर येऊन जबाब द्यायचा, "सोडा होऽऽ!" म्हणजे दार उघडं आहे, माणूस उभं आहे, सोडा गाई. मगच तो त्या गाई सोडायचा आणि पुढच्या घराला हाक मारायचा. जे घर आधी वसलं त्याचं नाव आधी. तीनदा हाक मारून जबाब आला नाही, तर त्या घरची ढोरं त्या रात्री ढोरक्याच्या अंगावर.

वाघ गेले, काटे गेले, तरी रीत राहिली. माझ्या लहानपणी सांज झाली की सगळं गाव एकेक करून बोलायचं. आमचं घर पवळीचं. आई चुलीपुढून उठून, पिठाचे हात तसेच घेऊन ओट्यावर यायची आणि ओरडायची. तिचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता. एरवी मला त्याची लाज वाटायची, पण त्या वेळी वाटायची नाही. पोरांचा जबाब चालत नसे. मी एकदा आईच्या आधी ओरडले तर वरून प्रश्न आला, "मोठं कोन हाय घरी?" सगळी आळी हसली. मग घंटा वाजवत गाई खाली यायच्या आणि धुळीत गावचे दिवे मिणमिणायला लागायचे.

मग कुरणात संत्र्याच्या बागा आल्या. ढोरं कमी झाली, होती ती दारात बांधली गेली. चिंधूकाका हा आमचा शेवटचा ढोरकी, जातीनं गोवारी. त्याचा आजा आर्वीच्या त्या पहिल्या कळपामागं चालत आला होता. काकानं काठी ठेवली आणि बोरगावला लेकीकडे राहायला गेला, त्यालाही दहा वर्षं होत आली. कोण आधी आलं, कोण मागून आलं, कोणाची गाय कोणती, सगळं त्या हाळीत होतं आणि ती हाळी आता त्याच्या एकट्याच्या तोंडात उरली होती. तो ऐंशीच्या घरात. तो गेला की आमच्याजवळ 'जंगलात मंगल' एवढंच राहणार होतं. नत्थूभाऊ जिना उतरला नसेल तोवर मी ठरवलं, हाळी टेप करायची.

टेपरेकॉर्डर आमच्या ह्यांचा. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण लिहिलं तर चालतं म्हणतात, म्हणून लिहिते, श्रीधर. जिनिंगमध्ये कपाशीच्या वजनकाट्यावर असतात. त्यांचा त्या यंत्रावर माझ्याहून जास्त जीव. कोणी बटणाला हात लावला तरी यांच्या कपाळाला आठी. मी बेत सांगितला तेव्हा म्हणाले, "मी संग येतो. तू मशीन पाडशीन."

एका रविवारी आम्ही बोरगावला गेलो. चिंधूकाका अंगणात बाजेवर उन्हात बसला होता. पार वाळून गेला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"काऊन आली वं पुष्पे? कोनी मेलं काय?"

"कोनी नाही मेलं, काका. तुमची हाळी घ्यायले आलो या मशीनमंदी."

"मशीनमंदी घालून काय करतं तिचं? लोनचं?" तो हसला आणि हसता हसता खोकत सुटला. त्याची लेक पंचफुला आतून पाणी घेऊन धावत आली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "नाही देत, बाई. तू चहा घे अन् जाय."

मला वाटलं म्हातारा भाव खातोय. मी गोडीगुलाबीनं सांगितलं, मग जरा चिडूनही सांगितलं. श्रीधरांनी यंत्र बाजेवर ठेवून त्याला त्याचाच खोकला ऐकवला. तो कौतुकानं ऐकत राहिला, पण बधला नाही. शेवटी पंचफुलाच म्हणाली, "बाबा, खरं काय ते सांगून द्या ना तिले. काऊन उगीच ताटकळत ठेवून राहिले?"

तो म्हणाला, "ज्या घरचा जबाब आला नाही, त्याचं ढोर माह्या अंगावर रायते. तवा कधीमधी एखादं घर राहे. आता चांदीवाले लोधीखेड्याले गेले, मैनावाले नागपूरले गेले, कपिलीच्या घराले कुलूप. हाळी दिली अन् कोनी बोललंच नाही तं? येवढे घरं मी कुठी बांधू, पुष्पे?"

मला वाटलं होतं हाळी म्हणजे त्याची एकट्याची, तो म्हणेल आणि आम्ही भरून घेऊ. अर्धी हाळी आमची होती हे मी साफ विसरले होते.

"मी आनतो ना जबाब देनारे," मी म्हटलं. "एकेका घरचं मानूस आनतो. मंग देसान?"

"आन पहिले," तो म्हणाला.

त्यानंतरचे दोन महिने मी शाळा सुटली की एसटीत बसत होते. चांदीवाल्यांना लोधीखेड्यात गाठलं. त्यांचा म्हातारा म्हणाला, येतो, पण सुनेला घेऊन येतो, तिनं सासरचं गावातलं घर पाहिलंच नाही. मैनावाल्यांना पत्रामागून पत्र घातलं. कपिलीच्या घरचा एकच मुलगा उरला होता, विनायक, नागपूरला सायकलचं दुकान. त्याला वाटलं मी जमिनीच्या वाटणीचं काही काढतेय. तो मला चहासुद्धा विचारीना. "मले फक्त एकदा ओरडून दे रे बाबा," असं मी म्हटलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं ते वेड्या बाईकडे पाहावं तसं. पण यायचं कबूल केलं. मोरीवाले म्हणजे खुद्द नत्थूभाऊ. आधी म्हणाला हे रिकामटेकडे उद्योग आहेत. हाळीत पहिलं नाव मोरीचं येतं हे लक्षात आलं, तेव्हापासून तो ओट्यावर उभा राहून सराव करायला लागला.

एका संध्याकाळी देवीदास घरी आला. पांढुर्णा स्टेशनवर नोकरीला असतो. त्याचं घर नाल्यापलीकडचं, बौद्धवाड्यातलं.

"म्याडम, हाळी घेऊन राहिल्या म्हनते. आमची तांबी त्याच्यात हाय की नाही?"

"हाय ना. शेवटी."

"शेवटीच राहे ती," तो म्हणाला. "माहा बाप सांगे, बाकीच्यांच्या घरी दुधं निघून चुलीवर चढत, तवा आमची तांबी सुटे. अन् आर्वीहून आलो तं संगच आलो होतो." तो काही भांडायला आला नव्हता. शांतपणे बोलत होता, त्यामुळे मला जास्त लागलं.

मी चिंधूकाकाला जाऊन विचारलं, की आता तरी हे नाव वर घ्यायचं काय? तो म्हणाला, "जशी देत होतो तशीच देईन. उभं कोन किती वेळ रायलं, ते बी लोकाइले ऐकू जाऊ दे." देवीदासला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग मी मायले घेऊन येतो. जबाब तिचाच राहे."

राहिलं एकच घर, आमचं. त्याची मला काही अडचणच वाटली नाही. बाबा गेले, आई गेली, मला भाऊ नव्हता. घर एका बागवानाला विकलं होतं आणि तो त्यात संत्र्याचे पेटारे ठेवायचा. ज्या घरात मुलगा नाही ते घर बुजलं, असंच आमच्याकडे म्हणतात आणि मीही तसंच म्हणत आले होते. मी काकाला सांगून टाकलं, "पवळीचं नाव घ्या अन् पुढं चला. तिथं कोनी नाही." तो काही बोलला नाही. मला वाटलं, त्याला पटलं.

पौषातल्या एका सांजेला सगळे जमले. आखरात आता एका बाजूला पेटाऱ्यांची थप्पी असते आणि दुसऱ्या बाजूला नत्थूभाऊचा ट्रॅक्टर. तरी मधली जागा मोकळी होती. गावात उरलेल्या पांढऱ्या गाई गोळा केल्या होत्या, घराला एकसुद्धा भरत नव्हती. काकाचं म्हणणं होतं की मागं ढोर नसलं तर तोंडातून हाळी निघत नाही. नत्थूभाऊनं हौसेनं आपली जर्सी गाय आणली. तिला चालायची सवय नव्हती. ती आखराच्या मधोमध येऊन बसली ती बसलीच. "हे काय ढोर हाय? हे तं पाहुनी हाय," काका म्हणाला, आणि ते टेपवर आलं आहे.

ज्याचा त्यानं आपापला ओटा धरला. विनायकनं कुलूप काढून कपिलीच्या घराचं दार उघडलं होतं. देवीदासची म्हातारी माय नाल्यापलीकडे आपल्या दारात उभी होती. श्रीधर यंत्र मांडीवर घेऊन एका पेटाऱ्यावर बसले. मी त्यांच्या बाजूला. काकानं काठी टेकली, पंचफुलाचा हात बाजूला केला आणि तोंडाशी तळवा धरला.

"मोरीवाले, होऽऽ!"

एवढ्याशा छातीतून एवढा मोठा आवाज निघाला की मी दचकलेच. खालून नत्थूभाऊचा जबाब आला. सराव केलेला असल्यामुळे तो भाषणासारखा वाटला, पण आला. काकानं एक गाय सोडली. मग कपिली. विनायकचा आवाज मध्येच चिरकला, आणि न सांगता त्यानं पुन्हा एकदा जबाब दिला. चांदीवाल्या म्हाताऱ्याच्या मागोमाग त्याच्या सुनेचाही आवाज आला. मैनावाल्यांकडून तर तिघंजण एकदम ओरडले. गाई एकेक करून खाली उतरत होत्या. मला सगळीकडे धूळ दिसायला लागली, नव्हती तरी. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसत नव्हते.

"पवळीवाले, होऽऽ!"

मी हातानं खूण केली, पुढं चला. काका माझ्याकडे बघत होता. त्यानं पुन्हा हाक दिली. खाली सगळं शांत. तिसऱ्यांदा दिली. रीतीप्रमाणे आता पुढचं नाव यायला हवं होतं. ते आलं नाही. तो काठीवर वाकून खोकला, सरळ झाला आणि तसाच उभा राहिला.

"काका, पुढं चला ना," मी कुजबुजले. "टेप चालू हाय. पुढच्या घरचे लोक थांबले."

"थांबू दे."

"तिथं कोनी नाही, काका!"

"जबाब देनारं मानूस समोर उभं हाय," तो म्हणाला. "मंग पुढं कसा जाऊ?"

मी म्हटलं, "मी दुसऱ्या घरची झालो, काका. माहं घर पांढुर्ण्याले हाय."

तेव्हा श्रीधर, ज्यांनी टेप चालू असताना मला शिंकायलासुद्धा मनाई केली होती, ते मोठ्यानं म्हणाले, "पांढुर्ण्याच्या घराले कोनी हाळी देत नाही. जाय तू."

मी पळाले. पन्नाशीची बाई, शाळेत पोरांना पळू नका म्हणून ओरडणारी, मी आखरावरून खाली चपला फटफटवत पळाले. आमच्या ओट्यावर फुटके पेटारे पडले होते, दाराला बागवानाचं कुलूप होतं. पेटारे पायानं सारून मी ओट्यावर उभी राहिले. वर काका ठिपक्याएवढा दिसत होता. आवाज निघाला तो फुटक्या घागरीचा. "सोडा होऽऽ!"

मोठं कोण आहे घरी, असं कोणी विचारलं नाही. वरून एक गाय निघाली. कोणाची होती कोण जाणे. ती सावकाश आळीतून आली आणि मी उभी होते म्हणून आमच्या ओट्यापाशी थांबली. मागं दार बंद होतं. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि हमसून हमसून रडले. मी ते घर विकताना रडले नव्हते. पेन्शन घ्यायला आलेल्या माणसासारखी सही करून मोकळी झाले होते. वर काकानं पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं. अंधारून आलं तेव्हा नाल्यापलीकडून देवीदासच्या मायचा जबाब आला, बारीक पण खणखणीत. सगळ्यांत जास्त वेळ ती उभी राहिली होती.

पांढुर्ण्याला येऊन आम्ही टेप ऐकली. मध्ये ती लांबलचक जागा. काकाचा खोकला, माझी कुजबूज, श्रीधरांचं "जाय तू", चपलांचा फटफटाट, मग कितीतरी वेळ नुसता वारा आणि शेवटी दूरवर माझा आवाज, ऐकू येईल न येईल असा. नत्थूभाऊला सोहळ्यात टेप लावायची होती. त्यानं ऐकली आणि म्हणाला, "फस्क्लास. फक्त ते मधली खाली जागा काढून टाका. लोक समजतीन मशीन बिघडली."

"काढनार नाही."

"अवं, पन तिथं काहीच नाही ना!"

"तिथं माहं घर हाय," मी म्हटलं. "पायजे तं सगळी टेप लावा, नाही तं बिलकुल लावू नका." एवढ्या वर्षांत त्यानं माझी पाटी पुष्कळदा पाहिली होती, आवाज पहिल्यांदा ऐकला. तो मुकाट्यानं उठला.

माघात सोहळा झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, गव्हाची खीर, आलूवांग्याची भाजी. समोर सतरंजीवर गावच्या लेकी बसल्या होत्या, काटोलच्या, आमल्याच्या, लोधीखेड्याच्या, नागपूरच्या, कोणाच्या मांडीवर नातू, सगळ्यांच्या पदरात ओटीचे तांदूळ. चिंधूकाकाला पुढं खुर्ची दिली होती. त्यात तो अवघडून बसला होता. भाषणं फार झाली. मग श्रीधरांनी भोंग्याला यंत्र जोडलं.

मोरी, कपिली, चांदी, मैना. म्हातारी माणसं ऐकता ऐकता खाली बघायला लागली. मग पवळी आली. पहिली हाक. दुसरी. तिसरी. आणि ती मोकळी जागा सुरू झाली. भोंग्यातून नुसता खोकला आणि वारा. मांडवात कोणी हलेना. मागच्या पोरांना वाटलं मशीन बिघडली. नत्थूभाऊनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सांगितलं नव्हतं का. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात सतरंजीवरून एक बाई उठली. कमल, नत्थूभाऊची थोरली बहीण, आमल्याला दिलेली. तिच्या माहेरी भाऊ होता, भावाचे मुलगे होते, आणि मोरीच्या घरचा जबाब तिच्याकडे कोणी कधी मागितला नव्हता. पदरातले तांदूळ सांडू नयेत म्हणून एका हातानं पदर धरून, दुसरा हात तोंडाशी नेऊन ती भोंग्याकडे ओरडली, "सोडा होऽऽ!"

तिच्या बाजूची उठली. मग तिच्या मागची. मग सगळी सतरंजीच उठली, आणि प्रत्येक जणी आमच्या घरासाठी ओरडत होती, "सोडा होऽऽ! सोडा होऽऽ!" चिंधूकाकानं खुर्चीतल्या खुर्चीत काठी उचलली, गाई सोडताना उचलायचा तशी.

टेपमधला माझा जबाब त्यानंतर आला. तो कोणालाच ऐकू गेला नाही.